शाहूपुरीतली हजेरी

आपल्याकडचा माणूस कोल्हापूरला निघतो तो बहुधा दोन ठिकाणांच्या ओढीने. एक माणगाव. तिथे २१ व २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी तरुण बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही भर सभेत दिली. दुसरे बिंदू चौक. तिथे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत, त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा उभा राहिला. आम्हीही याच दोन ठिकाणांसाठी बायका-मुलांसह निघालो होतो. मुक्काम मात्र शाहूपुरीत पडला. माणगावला दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे होते, म्हणून हातात आख्खा दिवस होता. तो आम्ही पायी फिरून घालवला. त्या फिरण्यात जे डोळ्यांपुढे आले आणि जे आठवत गेले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

महाराजांनी वसवलेली पेठ

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. त्यानंतर चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी रेल्वेच्या जवळ ही व्यापारी पेठ वसवली. तिचे नाव शाहूपुरी. पिकवणाऱ्याचा गूळ दलालाच्या घरी पडून राहू नये, त्याला हक्काची बाजारपेठ मिळावी, हा त्यामागचा विचार. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या बैलगाड्या येथे लागत. आता गुळाचे मोठे सौदे शाहू मार्केट यार्डात होतात. तरीही पेठेतून चालताना जुन्या वखारी, लाकडी माड्या आणि दुकानांवरच्या व्यापाऱ्यांच्या पाट्या जुना काळ सांगतात. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती घडतात. मातीचा ओला वास गल्लीभर असतो. मुलांना तिथून हलवणे कठीण गेले.

रेल्वे स्टेशनला आज छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणतात. तिथून एस.टी.चे मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे कोकणातून, कर्नाटकातून, पुण्याहून, सोलापूरकडून येणारा माणूस कोल्हापुरात पहिले पाऊल टाकतो ते याच भागात. देवदर्शनाला आलेले, दवाखान्याला आलेले, कामाच्या शोधात आलेले, बोचकी डोक्यावर घेतलेले आणि लेकरे कडेवर घेतलेले. कोणी बाकावर आडवा झालेला, कोणी जमिनीवर पथारी पसरून भाकरी सोडलेली.

स्टँडच्या तोंडाशी आम्ही चहाला थांबलो. चहावाल्या मावशींनी विचारले, "कुठनं आलायसा?" आम्ही गाव सांगितले. मग त्यांनी आमच्या धाकट्याकडे पाहिले. तो गाड्यांच्या पाट्या वाचत दूर चालला होता. "ए बाळ, आईचा हात सोडू नगं रं. लई गर्दी हाय," मावशी म्हणाल्या. साधेच बोल. पण आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना एकदम १९९६ साल आठवले आणि मुलाचा हात सगळ्यांनीच घट्ट धरला.

सहा वर्षे न दिसलेली साखळी

तिशीच्या आतल्या वाचकांना हे प्रकरण कदाचित ठाऊक नसेल. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित. गर्दीत शिरून पाकिटे मारायची, गळ्यातले ओढायचे, हा त्यांचा धंदा. एकदा चोरी करताना रेणुका पकडली गेली. तिच्याजवळ तिचे लहान मूल होते. लेकुरवाळी बाई चोरी कशाला करील, असे म्हणून लोकांनी तिला सोडून दिले. या प्रसंगातून त्या तिघींना जे सुचले ते ऐकून अंगावर काटा येतो. मूल कडेवर असले की संशय येत नाही आणि पकडले गेलो तर सुटका होते. मग दुसऱ्यांची मुले पळवायची, त्यांचा असा उपयोग करायचा आणि मूल रडू लागले, नकोसे झाले की त्याचा जीव घ्यायचा.

१९९० ते १९९६ या सहा वर्षांत पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणांहून तेरा मुले पळवली गेली आणि त्यांतल्या नऊ मुलांचा खून झाला, असा आरोप पुढे त्यांच्यावर ठेवला गेला. पहिल्या मुलांपैकी एक कोल्हापूरचे. भीक मागून पोट भरणाऱ्या एका बाईचे ते लहानगे. देवळाच्या गर्दीत चोरी उघडकीला येताच लोकांचे लक्ष उडावे म्हणून त्या लेकराला जमिनीवर आपटण्यात आले आणि नंतर त्याला मारून टाकले. हे पान घरात आया-बहिणी आणि मुलेही वाचतात, म्हणून याहून अधिक तपशील आम्ही देत नाही. तो देण्याची गरजही नाही.

विचार करण्याची गोष्ट वेगळीच आहे. ही साखळी सहा वर्षे कोणाला दिसली नाही. मुले वेगवेगळ्या शहरांतली, प्रेते वेगवेगळ्या हद्दीत. एक स्टँडजवळ, एक आणखी कुठे. एका गावचे हरवलेले मूल आणि दुसऱ्या गावी सापडलेले बेवारस प्रेत यांचा मेळ घालायला तेव्हा संगणकही नव्हता. आणि पळवलेली मुले बहुतेक गरिबाघरची. ज्या आईला राहायला घर नाही, तिच्या तक्रारीवर पत्ता तरी काय लिहायचा? तिच्या लेकराचा फोटो कोणी काढलेला असणार?

साखळी उघडी पडली ती अखेर घरच्या वैरातून. अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. त्या संसारातली शाळकरी मुलगी १९९५ मध्ये नाहीशी झाली. तिच्या आईला सवतीचा संशय होता. ती गप्प बसली नाही. पुढच्या वर्षी तिच्या दुसऱ्या मुलीवरही या मायलेकींचा डोळा असल्याचे दिसले, पोलिसांनी सापळा लावला आणि १९९६ च्या अखेरीस नाशिककडे या बायका पकडल्या गेल्या.

येथून तपासाचे खरे काम सुरू झाले. घराच्या झडतीत लहान मुलांचे कपडे मिळाले. घरात असलेल्या मुलांना ते सगळेच होणारे नव्हते. मग हे झबले कोणाचे? हा फ्रॉक कोणाचा? एका मुलीच्या तपासासाठी गेलेल्या पोलिसांपुढे कितीतरी मुलांचा प्रश्न उभा राहिला. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सी.आय.डी.कडे, आला. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. पण माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर न्यायालय विसंबत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाहेरचा आधार लागतो. म्हणून त्याने सांगितलेले गाव, दिवस आणि मूल घेऊन जुनी कागदपत्रे उलटावी लागली. त्या दिवशी त्या हद्दीत मूल हरवल्याची नोंद आहे का? बेवारस प्रेताचा पंचनामा आहे का? जिथे नोंद सापडली तिथे खून सिद्ध होण्याची वाट मोकळी झाली. नऊ खुनांचा आरोप आणि सिद्ध झालेले त्याहून कमी, यातले अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुरावा कागदाला धरून चालतो. ज्या लेकराचा कागदच नाही, त्याला न्याय मागायला वाटच उरत नाही.

हे पहिल्यांदा घडले नाही

शाहूपुरी मागे टाकून आम्ही व्हीनस कॉर्नरवरून दसरा चौकाकडे चालू लागलो. वाटेत बोलणे याच विषयावर चालले होते. एकाच हाताने घडलेले अनेक खून महाराष्ट्राने याआधीही पाहिले आहेत. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रमण राघवने कितीजणांना झोपेत मारले. ते सारे फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत या लहानशा गावी एकामागून एक बायका आणि कोवळ्या मुली मारल्या गेल्या. गावात संध्याकाळनंतर दारे बंद होऊ लागली. मागे होते गुप्तधनाचे आणि बळी देण्याचे खूळ. दोन्ही प्रकरणांच्या तपासाची सूत्रे मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या हाती होती.

गुप्तहेराच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. त्यांत हेर भिंग घेऊन माती पाहतो आणि चटकन गुन्हेगाराचे नाव सांगतो. मानवतसारख्या गावातला तपास असा होत नाही. गावात मुक्काम ठोकावा लागतो, घाबरलेल्या माणसांशी पुन:पुन्हा बोलावे लागते, मेलेल्या प्रत्येकीची वेळ, जागा आणि जखम एकमेकींशेजारी मांडावी लागते. हा खून आणि तो खून एकाच सुताने बांधलेले आहेत, हे ओळखणे म्हणजेच अर्धा तपास. आणि रमण राघव असो, मानवत असो की कोल्हापूरचे बालहत्याकांड असो, तिन्हींत मेलेली माणसे मुख्यतः अशा घरांतली होती, की ज्यांच्या मरणाचा मोठा गवगवा आपोआप होत नाही. म्हणून सूत दिसायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मारणारा आणखी बळी घेतो.

दसरा चौक : दोन प्रकारची हजेरी

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. आजूबाजूला वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे आहेत. खेड्यातल्या पोराला शहरात निवारा मिळाला तर तो शिकेल, हे ओळखून महाराजांनी ती उभारायला हात दिला. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये सुरू झालेले मिस क्लार्क बोर्डिंग याच शहरातले. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम तर आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे.

पण त्या दिवशी आम्हाला महाराजांचा दुसराच एक हुकूम आठवला. तो फारसा सांगितला जात नाही. त्या काळी महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. चोरी झाली असो वा नसो, या जातींतला माणूस जन्मतःच संशयित. कामाला परगावी जायचे तर परवानगी, नातेवाइकाकडे मुक्काम करायचा तर परवानगी. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली. इंग्रजी मुलखात जमातींना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा त्यानंतरही चालूच होता. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गरिबाला संशयित म्हणून मोजायला सरकारकडे रोजची वही होती. त्याचे नाव, गाव, रात्री तो घरी झोपला की नाही, सगळे लिहिले जाई. आणि त्याच गरिबाचे मूल नाहीसे झाले तर? ते लिहायला वही कुठे होती? माणूस गुन्हेगार असेल या भीतीने त्याची हजेरी घेणारी व्यवस्था, तो बळी असेल या काळजीने त्याची हजेरी घेत नव्हती. महाराजांनी पहिली हजेरी शंभर वर्षांपूर्वी मोडली. दुसरी हजेरी सुरू करायला आपल्या देशाला फार उशीर लागला.

आणखी एक सांगितले पाहिजे. गावित मायलेकींनी केलेल्या पापाचा डाग कोणत्याही जातीला किंवा जमातीला लावण्याचा मोह होतो. तो मोह म्हणजे जुनी हजेरीच. गुन्हा माणूस करतो, जात करीत नाही.

न्यायालयाच्या दारात

दसरा चौकातून पुढे सी.पी.आर. रुग्णालयासमोर जुन्या जिल्हा न्यायालयाची इमारत आहे. बालहत्याकांडाचा खटला कोल्हापुरात चालला. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मरण पावली. दोघी बहिणींना २८ जून २००१ रोजी फाशीची शिक्षा झाली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अखेर सिद्ध राहिले ते पाच खून. पुढे दयेचा अर्ज झाला. राष्ट्रपतींनी तो २०१४ मध्ये फेटाळला. पण तो निकालात निघायला सात वर्षे दहा महिने लागले, हा विलंब सरकारचा होता, या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

फाशी बरी की जन्मठेप, यावर आमच्यातही दोन मते पडली. एक ताई म्हणाल्या, "ज्या आईचं लेकरू गेलं तिला विचारा." दुसरे भाऊ म्हणाले, "जीव घेऊन जीव परत येत नाही, ताई." आम्ही तो वाद तिथेच सोडला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. पहिला उशीर सहा वर्षांचा, साखळी दिसण्यातला. शेवटचा उशीर जवळजवळ आठ वर्षांचा, कागद पुढे सरकवण्यातला. पहिल्या उशिरात लेकरे गेली, दुसऱ्यात शिक्षेचा अर्थ पातळ झाला.

याच इमारतीत आता मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी त्याचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. ते दादासाहेब ऊर्फ रा. सू. गवई यांचे चिरंजीव, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. गरीब पक्षकाराला वाचलेली खेप म्हणजे वाचलेली मजुरी.

बिंदू चौक

संध्याकाळी आम्ही बिंदू चौकात पोहोचलो. बाबासाहेब आणि जोतीराव यांच्या पुतळ्यांना वंदन केले. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने हे पुतळे उभे राहिले.

या चौकाशी आणखी एका माणसाचे नाव जोडलेले आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी येताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला होता. त्यानंतर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला प्रा. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरला गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, हे कर्नाटकच्या तपासात काडतुसांवरच्या खुणांनी दाखवून दिले. इथे सूत कपड्यांतून नव्हे तर पितळेच्या पुंगळ्यांतून सापडले.

मानवतची आठवण इथे पुन्हा आली. ज्या गुप्तधनाच्या वेडाने तिथे बायका-मुली मारल्या गेल्या, त्याच नरबळी-जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. त्यांच्या खुनानंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. पानसरे खटल्यात आरोप निश्चित व्हायलाच जानेवारी २०२३ उजाडले. ही तर देशभर नाव असलेली माणसे. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, न्यायालयाने तपासावर देखरेख ठेवली, तरी इतकी वर्षे लागली. मग स्टँडवरच्या बाईच्या लेकराचे काय होत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आपण काय करायचे

नुसते हळहळून भागणार नाही. काही गोष्टी आज बदलल्या आहेत आणि त्या प्रत्येक घराला ठाऊक असल्या पाहिजेत. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हाच नोंदवायचा आणि ते पळवले गेले आहे असे धरूनच तपास सुरू करायचा. "दोन दिवस वाट पाहा, येईल घरी" हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्दीची अडचणही दूर झाली आहे. कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, त्यांनी ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. तक्रारीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. मुलांसाठीचा मदतीचा १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा.

आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून एवढे काम सहज होण्यासारखे आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाची जन्मनोंद झाली आहे की नाही ते पाहायचे. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा एक फोटो, उंची, अंगावरची खूण आणि आई-वडिलांचा पत्ता एका वहीत लिहून ठेवायचा. ती कुटुंबे परतली की वही उघडायची आणि नाव वाचायचे. एखादे मूल परत आलेले नसेल तर त्याच दिवशी विचारपूस करायची आणि गरज पडली तर आईबरोबर ठाण्यापर्यंत जायचे. तक्रार लिहिता न येणाऱ्या बाईशेजारी चार शिकलेल्या बायका उभ्या राहिल्या, तर कागद होतो. आणि कागद झाला तर पुढे कोणातरी तपास अधिकाऱ्याला ते सूत सापडू शकते.

शाहूपुरीला जाल तर गुळाची पेठ पाहा, कुंभार गल्लीत मुलांना रमू द्या, दसरा चौकात महाराजांपुढे नमस्कार करा. त्यांनी संशयाची हजेरी बंद केली. आपल्या लेकरांच्या काळजीची हजेरी आपणच घ्यायची आहे. ती वही आपल्या वस्तीत येत्या पौर्णिमेच्या सभेपासून सुरू करावी, एवढीच वाचकांना विनंती.